पक्क्या लायसनची चाचणी : साहेब नेमके काय पाहतात?



या अंकातील अभ्यासपाठाचा विषय पाहून काही जणांना नवल वाटेल. आरोग्य, शिक्षण, वनहक्क हे विषय आपल्या पत्रिकेत नेहमी येतात. वाहन चालवण्याची चाचणी इथे कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात काम करताना गेल्या काही वर्षांत तरुणांकडून मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. "ताई, लायसन कसं काढायचं?" कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंगारा, चाळीसटापरी या बाजूची मुले कामासाठी खाली उतरतात. खामगावात मार्केट यार्ड आहे, जिनिंग आहे, एमआयडीसी आहे. हमालीचे काम कोणालाही मिळते. पिकअप चालवण्याचे काम मात्र ज्याच्या खिशात लायसन आहे त्यालाच मिळते. दोन्हींच्या मजुरीत आणि मानातही फरक आहे.

या मुलांच्या मनात चाचणीविषयी दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, की ही नशिबाची गोष्ट आहे. साहेबांचा मूड असेल तर पास, नाही तर नापास. दुसरी, की दलालाशिवाय कोणी पास होतच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्ही गरिबाला महाग पडतात. चाचणीत काय पाहायचे हे कायद्याने लिहून ठेवले आहे. ते समजून घेतले, तर तयारी करता येते. म्हणून आज आपण ते क्रमाने पाहू.

१. हे नियम कुठे लिहिले आहेत?

आपल्या देशात वाहनांचा एक कायदा १९१४ साली झाला, त्यानंतर १९३९ चा, आणि आज लागू आहे तो मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ तयार झाले. त्यांतील नियम १५ हा आपल्या आजच्या पाठाचा आधार. उमेदवाराने काय काय करून दाखवले पाहिजे, अशा वीसहून अधिक बाबी त्यात एकाखाली एक दिल्या आहेत. मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे ज्यांना आपण "आरटीओ साहेब" म्हणतो, ते या बाबी पाहण्यासाठी नेमलेले असतात.

एमएच २८ हा क्रमांक देणारे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय बुलढाणा शहरात आहे. तारीख ऑनलाइन 'सारथी' पोर्टलवर घ्यायची असते. चाचणी बुलढाण्यात आहे की तालुक्याच्या शिबिरात, हे तारीख घेतानाच नीट पाहून घ्यावे. डोंगरातून आलेल्या मुलाचा एक फेरा वाया गेला, तर त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते.

२. चाचणीच्या आधीचे तीस दिवस

आधी शिकाऊ परवाना, म्हणजे लर्निंग लायसन, काढावे लागते. गिअरची मोटारसायकल किंवा कार यासाठी वय १८ पूर्ण हवे. शिकाऊ परवान्यासाठी संगणकावर प्रश्न विचारतात : रस्त्यावरची चिन्हे, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी, गाडीत ठेवायची कागदपत्रे. किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा आधारच्या मदतीने घरूनही देता येते.

ज्यांचे वाचन कच्चे आहे, किंवा ज्यांची घरची भाषा कोरकू, भिलाला किंवा बारेला आहे, त्यांना मी चिन्हे आकारावरून शिकवते. गोल म्हणजे हुकूम, तो पाळायचाच. त्रिकोण म्हणजे इशारा, पुढे काही तरी आहे. चौकोन म्हणजे माहिती. गोलाला लाल कड असेल तर बहुधा "हे करू नका", आणि गोल निळा असेल तर "हे केलेच पाहिजे". एवढे डोक्यात बसले की अर्धी चिन्हे आपोआप कळू लागतात. आठ बाजूंचे लाल चिन्ह म्हणजे थांबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला वाट द्या, हे दोन अपवाद वेगळे पाठ करून घ्यावेत.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या चाचणीला बसता येत नाही, आणि हा परवाना सहा महिने चालतो. हे तीस दिवस वाट पाहण्यासाठी नाहीत, सरावासाठी आहेत. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरात इंग्रजी 'एल' लावायचा. कार शिकताना पक्के लायसन असलेला माणूस शेजारी बसलेला हवा, तोही गरज पडल्यास गाडी थांबवता येईल असा. मोटारसायकल शिकणाऱ्याने मागे मित्राला बसवून बाजाराला जायचे नसते.

३. पहिली नजर : बसल्यापासून गाडी हलेपर्यंत

बहुतेक मुलांना वाटते, गाडी सुरू झाली की चाचणी सुरू झाली. खरे तर चाचणी त्याआधीच सुरू होते. नियमातील पहिली बाब आहे मागचे दाखवणारा आरसा स्वतःसाठी नीट लावून घेणे. दुसरी आहे इंजिन सुरू करण्यापूर्वीची काळजी. म्हणजे सीट पुढेमागे करून पाय क्लचवर पूर्ण पोचतो का पाहणे, सीटबेल्ट लावणे, हँडब्रेक ओढलेला आहे आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करणे, दारे बंद आहेत का बघणे.

त्यानंतर गाडी धक्का न देता पुढे काढायची आणि एकेक गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत न्यायची. मैदान लहान असेल तर सगळे गिअर टाकायला जागा नसते. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी उसळी घेते का, गिअरकडे बघण्यासाठी मान खाली जाते का, हे शेजारी बसलेल्या माणसाला लगेच कळते. ज्याची नजर गिअरवर गेली, त्याची नजर तेवढा वेळ रस्त्यावर नव्हती.

४. आरसा एवढ्या वेळा का येतो?

नियम १५ वाचताना माझ्या लक्षात आले की आरशाचा उल्लेख एकदा करून नियम थांबत नाही. सुरुवातीला आरसा लावणे, इशारा देण्याआधी आरसा, वळण्याआधी, ओव्हरटेक करण्याआधी, थांबण्याआधी, चौकात शिरण्याआधी पुन्हा आरसा. नियम करणाऱ्यांनी हे विसरून पुन्हा लिहिलेले नाही.

त्यामागे एक क्रम आहे : आधी बघणे, मग सांगणे, मग करणे. आरशात बघायचे, इंडिकेटर किंवा हाताने इशारा द्यायचा आणि मगच गाडी वळवायची. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी गाडी वळते, वळता वळता इंडिकेटर लागतो, आणि मागच्याने हॉर्न वाजवला की आरसा आठवतो. चाचणी घेणारे साहेब तुमच्या हातांपेक्षा डोळ्यांकडे जास्त बघतात, ते यासाठीच. मी सराव घेते तेव्हा मुलांना मोठ्याने बोलायला लावते : "आरसा, इशारा, वळण." आठवडाभर असे बोलत चालवले की चाचणीच्या दिवशी तोंड बंद असले तरी डोळे त्याच क्रमाने फिरतात.

५. चढ आणि उतार

खामगावहून बुलढाण्याला बोथ्यामार्गे गेलेल्यांना ज्ञानगंगा अभयारण्यातला घाट माहीत आहे. नियमातल्या दोन बाबी जणू अशा घाटासाठीच लिहिल्या आहेत.

पहिली : चढावर गाडी थांबवायची आणि जराही मागे घसरू न देता पुन्हा पुढे काढायची. यासाठी हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत गाडी जिथे ओढ घेते तिथपर्यंत आणायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. घाबरलेला माणूस क्लच झटक्यात सोडतो आणि गाडी बंद पडते, किंवा ब्रेकवरून पाय आधी काढतो आणि गाडी मागे येते. मागे दुचाकीवर कोणी लेकराला घेऊन उभे असेल, तर ते दोन फूट घसरणे किती महागात पडेल, याचा विचार करा.

दुसरी : उतारावर वेळीच खालचा गिअर टाकणे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. ती घातक आहे. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन स्वतःच तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रल केल्यावर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. भरलेल्या पिकअपमध्ये मागे मजूर बसलेले असतील, तर पुढचे सांगायला नको. घाटात अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियम आहे.

६. मागे घेणे, वळवणे आणि आठचा आकडा

रिव्हर्स घेणे ही अनेकांच्या भीतीची जागा. नियम सांगतो की गाडी डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूकपणे मागे घेता आली पाहिजे. तसेच पुढचा आणि मागचा गिअर वापरून तिचे तोंड उलट दिशेला फिरवता आले पाहिजे. इथे वेगाला कोणी गुण देत नाही. सावकाश, अर्ध्या क्लचवर, थांबत थांबत घेतलेली गाडी चालते. दांडीला लागलेली गाडी चालत नाही.

दुचाकीला बहुतेक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आखलेली वाट असते. त्या वाटेवरून पाय खाली न टेकवता, रेघ न ओलांडता जायचे. आठचा आकडा का? कारण त्यात डावे वळण, उजवे वळण आणि तोल हे तिन्ही थोड्या जागेत तपासता येतात. सरळ रस्त्यावर भरधाव जाणारा मुलगा या आकड्यात अडखळतो, कारण कमी वेगात तोल सांभाळणे जास्त अवघड असते. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवावी, हेल्मेट नीट बांधलेले असावे, आणि निघण्याआधी स्टँड वर घ्यायला विसरू नये.

काही शहरांत आता संगणकीकृत ट्रॅक आले आहेत. पुण्यात भोसरीच्या आयडीटीआर संस्थेत कारची चाचणी अशा ट्रॅकवर होते. तिथे रेघ ओलांडली, गाडी मागे घसरली, ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, याची नोंद यंत्र करते. अशा ठिकाणी ओळखपाळखीला जागा राहत नाही. तशी वेळ आपल्या जिल्ह्यातही येणारच, म्हणून तयारी आजपासून खरीच करावी.

७. रस्त्यावरची इतर माणसे

यापुढच्या बाबी ट्रॅकवर दाखवायला कमी वाव मिळतो, पण नियमात त्यांना तितकेच स्थान आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणे. रस्ता आणि गर्दी पाहून वेग कमीजास्त करणे. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पायी माणसाला आधी जाऊ देणे. चौकात शिरताना उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघणे. आणि एक फार महत्त्वाची बाब : पायी चालणारे आणि इतर चालक पुढे काय करतील, याचा आधीच अंदाज घेणे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. म्हणजे माणूस दिसला, डोक्यात विचार आला आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात गाडीने एक मोठे घर ओलांडलेले असते. म्हणून दिसल्यावर ब्रेक मारणे पुरेसे नाही. दिसण्याआधी अंदाज हवा. आपल्या भागातली उदाहरणे घ्या. रस्त्यावर चेंडू आला, तर मागून लेकरू येणार. बैलगाडी दिसली, तर बैल बिचकू शकतो. हंगामात संध्याकाळनंतर कापसाची ट्रॉली मागचा दिवा नसताना पुढे असू शकते. शेगावची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव-शेगाव रस्त्यावर हजारो माणसे पायी असतात. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो, गाडीवाल्याने पाहुण्यासारखे जावे.

यादीतील शेवटची बाब वाचून मी थोडी थांबले होते. ती क्लच-ब्रेकची नाही. रस्त्यावरील इतरांच्या सोयीचा आणि सुरक्षिततेचा विचार करणे, त्यांच्याशी सौजन्याने वागणे, अशी ती बाब आहे. सरकारी नियमात सौजन्य हा शब्द क्वचित भेटतो. इथे तो आहे, आणि वरच्या सगळ्या बाबींचे सार त्यातच आहे. आरसा का बघायचा? मागे कोणी आहे म्हणून. इशारा का द्यायचा? त्याला कळावे म्हणून. उतारावर खालचा गिअर का? पुढे कोणाचे तरी घर आहे म्हणून.

८. "मले चालवता येते, मंग मी नापास कसा?"

आमच्या ओळखीतला एक तरुण दोनदा नापास झाला. ट्रॅक्टर तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून शेतात चालवत होता. गाडीची भीती त्याला मुळीच नव्हती. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो चिडून माझ्याकडे आला. "मले चालवता येते ना ताई, मंग मी नापास कसा?" मालकाने त्याला पिकअपसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. एका माणसाने काही हजार रुपये मागितले होते. पैसे दिले की चाचणीची चिंता नको, असे तो म्हणत होता. घरची बकरी विकून पैसे द्यावेत का, हे विचारायला तो आला होता.

मी त्याला शेजारी बसून चालवून दाखवायला सांगितले. गाडीवरचा त्याचा ताबा माझ्यापेक्षा चांगला होता. पण वीस मिनिटांत त्याने एकदाही आरशात पाहिले नाही. शेतात मागून कोणी येत नाही, म्हणून ती सवयच लागलेली नव्हती. वळताना इशारा नव्हता. चौकात तो उजवीकडे न बघता शिरला, कारण त्याच्या मते आवाजावरून गाडी कळते. साहेबांनी त्याला उगाच नापास केले नव्हते.

कायदा अशा उमेदवाराला दार बंद करत नाही. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमधून सुधारणा प्रशिक्षणही घ्यावे लागते. केंद्रीय नियमांप्रमाणे चाचणीचे शुल्क वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी ३०० रुपये आहे. म्हणजे एक बकरी विकण्याऐवजी ३०० रुपये आणि आठ दिवसांचा सराव, असा तो हिशेब होता. त्याने सराव निवडला. रोज सकाळी सहा वाजता, रस्ता मोकळा असताना, "आरसा, इशारा, वळण" म्हणत. तिसऱ्या वेळी तो पास झाला. मालकाची मुदत दोन दिवसांनी उलटली होती, पण मालकाने ते दोन दिवस सोडून दिले.

ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून चाचणी सक्तीची झाली. तिथे आज किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, पण एकही गंभीर किंवा धोकादायक चूक झाली की उमेदवार नापास. हे तत्त्व आपल्या मुलांनाही सांगण्यासारखे आहे. गाडी एकदा बंद पडली म्हणून घाबरून जाऊ नये. शांतपणे न्यूट्रल करून पुन्हा सुरू करावी. न बघता वळणे मात्र एकदाही चालत नाही.

९. पैसे देऊन मिळालेल्या लायसनची किंमत

चाचणी न देता हाती आलेले लायसन हे कागद म्हणून खरे दिसते. पण चढावर गाडी मागे घसरते तेव्हा तो कागद हँडब्रेक ओढत नाही. याची किंमत चालकाच्या आधी इतर लोक मोजतात : मागे बसलेले मजूर, रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारी मुले. आणि आपल्या भागात ती बहुधा आदिवासी कुटुंबातलीच असतात.

लायसनच नसताना गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड ५,००० रुपये आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हौसेने मोटारसायकल देणाऱ्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे. त्याच्या पोटापाण्याची वाट आपणच सात-आठ वर्षे बंद करतो.

१०. नोकरीसाठी पुढची पायरी

व्यावसायिक वाहनासाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. शाळा अर्धवट सुटलेल्या आदिवासी मुलांना ती अट आडवी येत असे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती काढून टाकली. हे अजूनही अनेकांना माहीत नाही. "सातवीच झाली आहे, मग कशाला जायचे" म्हणून घरी बसलेली मुले मला दरवर्षी भेटतात. वाहतुकीच्या वाहनासाठी वय २० हवे, हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जुने हवे आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला आहे की हलक्या वाहनाचे लायसन असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहतुकीचे वाहन चालवू शकतो. लहान पिकअप चालवणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय अकोला येथे आहे. न्यूक्लिअस बजेट योजनेतून वाहनचालक प्रशिक्षणासारखे उपक्रम वेळोवेळी घेतले जातात. जातीचा दाखला, आधार आणि रहिवासी दाखला तयार ठेवून तिथे चौकशी करावी.

११. अपघात दिसला तर

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत चालकाच्या कर्तव्यांवर प्रश्न असतात, हे आपण पाहिले. अपघात झाल्यास चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचे, असे कायद्याचे कलम १३४ सांगते. पण अपघात दुसऱ्याचा असेल तर? पोलिसांच्या चौकशीत अडकू, दवाखान्यात पैसे भरावे लागतील, या भीतीने लोक पुढे निघून जात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ मध्ये कायद्यात कलम १३४-क आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही.

या कलमात अशा माणसाला जे इंग्रजी नाव दिले आहे, त्याचा अर्थ आहे 'चांगला शोमरोनी'. लूकच्या शुभवर्तमानातला तो दृष्टांत आपल्याला शब्दाळशाळेपासून ठाऊक आहे. तोही यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावरच घडतो. देशाच्या कायद्याने ते नाव घेतले आहे. रस्त्यावर ते खरे करून दाखवणे आपल्या हाती आहे.

१२. आपण काय करू शकतो?

चाचणीसाठी गाडी उमेदवारालाच आणावी लागते. ज्याच्या घरी सायकलही नाही, त्याने कार कुठून आणायची? दलालाचे दुकान चालते ते बहुधा इथेच. आपल्यापैकी अनेकांच्या दारात गाडी उभी आहे. मदत करायची असेल तर ती अशी करता येईल :

– सरावासाठी आठवड्यातून दोन सकाळी आपली गाडी द्या आणि पक्के लायसन असेल तर स्वतः शेजारी बसा. विमा आणि पीयूसी चालू आहे याची खात्री आधी करा.
– संगणक येणाऱ्या तरुणांनी ऑनलाइन अर्ज भरून द्या. पैसे घेऊ नका.
– चिन्हांची चित्रे कागदावर काढून वस्तीवर न्या. मुलींनाही बोलवा. आशाताई आणि अंगणवाडीच्या बहिणींना दुचाकीचे लायसन असेल, तर रात्री-अपरात्री बाळंतिणीपर्यंत पोचणे सोपे होते.
– चाचणीच्या दिवशी सोबत जा. डोंगरातल्या मुलाला कार्यालयाचीच भीती असते. ओळखीचा एक चेहरा पुरतो.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात गाडी चालवताना आपण "आधी बघणे, मग सांगणे, मग करणे" हा क्रम किती वेळा पाळला?
२. नियमांच्या यादीत सौजन्य सर्वांत शेवटी आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर सौजन्य म्हणजे नेमके काय? तीन उदाहरणे सांगा.
३. आपल्या ओळखीत सोळा-सतरा वर्षांचे कोणी गाडी चालवते का? त्याच्या पालकांशी कोण आणि कसे बोलेल?
४. दलालाला पैसे देण्याची वेळ एखाद्या तरुणावर कशामुळे येते? ती कारणे आपण कशी कमी करू शकतो?
५. पुढच्या तीन महिन्यांत आपला गट एका तरुणाला किंवा तरुणीला चाचणीपर्यंत सोबत करू शकेल का? नाव आजच ठरवा, आणि गाडी कोणाची, हेही.